शेवटच्याने फाटक लावायचं

त्या दिवशी मी मोजे आणायला गेले होते, इतकं साधं काम होतं. कंपाउंडरकाकांची सक्त ताकीद होती की प्रत्येकाने आत पातळ आणि वर जाड असे दुहेरी मोजे घालायचे, म्हणजे पायाला फोड येत नाहीत. दुकानात पातळ मिळाले ते लहान मुलांचे, आणि जाड मिळाले ते असे की त्यात बोका निवांत झोपला असता. तरी घेतले. बाकी तिघं सत्तरीच्या पुढची आणि मी नुकती पन्नाशी उलटलेली, म्हणून त्यांच्यात मी ‘धाकटी’. माझं चष्म्याचं दुकान आहे, तिथे लोक मला मॅडम म्हणतात. या मंडळींत आले की माझी धाकटी होते आणि मी मोजे आणायला पळते. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

दर वर्षी थंडी सरता सरता आम्ही डोंगरावरच्या झऱ्याच्या यात्रेला जायचो. तिथे गाड्या जातात, सगळे गाडीनेच जातात. आम्ही मात्र वाटेत मुक्काम करत, शेतांमधल्या जुन्या पायवाटेने चालत जायचो. आमच्यातलं कोणी फार देवभोळं नव्हतं. पण ते गार पाणी ओंजळीत घेऊन तोंडावर मारलं की वर्षभराचा शीण उतरायचा, हे खरं.

यात्रेची आखणी दवाखान्यात चालायची. डॉक्टर कधीच निवृत्त झाले होते, पण कंपाउंडरकाका दवाखाना सोडायला तयार नव्हते. खोलीची किल्ली त्यांच्याकडेच होती. स्पिरिटचा वास, भिंतीवर डोळे तपासायचा पिवळा पडलेला तक्ता, आणि दोन बाकांवर आम्ही. पोस्टमनकाका नकाशा उलटा धरून वाट समजावत होते. आयुष्यभर त्यांनी लोकांची घरं शोधली, पण नकाशा त्यांना कधी वाचता आला नाही. शिवणकाकू कोपऱ्यात बसून पाठपिशव्यांचे पट्टे तपासत होत्या. त्या पंचक्रोशीचे कपडे शिवायच्या, त्यामुळे तुटकं, उसवलं ते सगळं त्यांच्याकडे.

“पुढे मी,” कंपाउंडरकाका म्हणाले. “माझ्यामागे पोस्टमन. मग शिवणकाकू. मग धाकटी. आणि शेवटी…”

ते थांबले. बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

इथे आमचा एक नियम सांगायला हवा. त्या वाटेवर फाटकं फार. एकाच्या शेताची हद्द संपली की लोखंडी फाटक. ते उघडं राहिलं तर गुरं बाहेर पडतात, मग शेतकरी चिडून वाटच बंद करतो. म्हणून पुढच्याने फाटक उघडायचं, मधल्यांनी मागे न बघता निघून जायचं, आणि शेवटच्याने लावायचं. लावायचं म्हणजे नुसतं लोटायचं नाही. जड कडी उचलून आकड्यात टाकायची. ती पडली की खट् असा आवाज होतो. तो आवाज आला की पुढच्यांना कळायचं, सगळे आले, आता चला.

आमचे शेवटचे नेहमी घड्याळकाका असायचे, शिवणकाकूंचे यजमान. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, घाई हा शब्दच त्यांना ठाऊक नव्हता. त्यांचा डावा पाय लहानपणापासून जरा अधू, तो उशिरा पडायचा. हिवाळ्याच्या तोंडाला ते झोपेतच गेले. काकू त्यांना उठवायला गेल्या, दोनदा रागावल्या, आणि मग त्यांच्या लक्षात आलं.

“मी राहते शेवटी,” मी म्हणाले. कुणीतरी बोलायलाच हवं होतं.

काकूंनी मान वर केली नाही. पट्ट्याची शिवण ओढून बघितली आणि म्हणाल्या, “हिला राहू दे. हिचे कान तिखट नाहीत, पण पाय चांगले आहेत.”

त्याच आठवड्यात काकूंचा मुलगा माझ्या दुकानात आला. चष्म्याचा दांडा ढिला झाला होता, पण ते निमित्त होतं. ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय आईचीच.

“ताई,” तो शेवटी म्हणाला, “आईला पाठवायचं माझ्या मनात नाही. पण घर तिला खायला उठतं. जेवत नाही धड. मशीनवर बसते आणि नुसती बसून राहते. तुम्ही तिला माझ्या दारात परत आणून सोडाल, असा शब्द दिलात तर जाऊ देईन.”

“माझ्या जिवावर पाठव,” मी म्हणाले. “जशी नेईन तशी आणून सोडीन.”

असं आपण किती सहज म्हणतो! दांडा घट्ट करायला जेवढा वेळ लागला, त्याहून कमी वेळात मी शब्द देऊन बसले.

यात्रेआधी चालायची सवय व्हावी म्हणून आम्ही सकाळी फेऱ्या मारायचो. वाटेचा पहिलाच टप्पा, गावाबाहेरच्या फाटकापासून मोठ्या रस्त्यापर्यंत. तिथे पोस्टमनकाकांची जुनी गाडी आदल्या दिवशी नेऊन ठेवलेली असायची. पहिल्या फेरीला धुकं होतं, फार नाही, पुढच्याची पाठ दिसावी एवढं. ओल्या मातीचा आणि गुरांचा वास. कंपाउंडरकाका पुढे खोकत होते, त्यामुळे ते कुठे आहेत ते कळत होतं.

पहिलं फाटक आलं. कंपाउंडरकाकांनी उघडलं, पोस्टमनकाका गेले, काकू गेल्या, मी गेले. मनात दुकानाचा विचार चालू होता. दहा-वीस पावलं चालले असेन, आणि मागून आवाज आला.

खट्.

पुढून कंपाउंडरकाका ओरडले, “चला!” आणि सगळे चालू लागले. मीही चालू लागले. आणि मग मी थबकले. शेवटची मी होते. फाटक मी लावलंच नव्हतं. वर्षानुवर्षांची सवय, मागे न बघता निघून जायची. माझ्यामागे लावणारा असतोच. यंदा तो नव्हता, आणि मी ते साफ विसरले होते.

मी वळून बघितलं. धुक्यात फाटक दिसत होतं. लागलेलं होतं, कडी आकड्यात होती. वाट रिकामी होती.

मनाची समजूत घालायला माणसाला वेळ लागत नाही. उतारावरचं फाटक, आपोआप लागलं असेल. कडी? कडी वर अडकली असेल, धक्क्याने पडली असेल. मी पाय उचलले. पुढची सगळी फाटकं मी स्वतः लावली, कडी दोनदा हलवून बघितली. काही झालं नाही. मला वाटलं, सुटलो.

गाडीपाशी काकूंनी मला बाजूला घेतलं. त्यांचे गाल लाल झाले होते. “पहिलं फाटक तू नाही लावलंस,” त्या हळूच म्हणाल्या. “तू माझ्या पाठीशीच होतीस. तुझा श्वास माझ्या मानेवर होता. आणि कडी पडली लांब, मागे.”

“वाऱ्याने काकू…”

“वारा होता का?” त्यांनी विचारलं, आणि हसल्या. घड्याळकाका गेल्यापासून त्यांना हसताना मी पहिल्यांदाच बघत होते. मला खूप वाईट वाटलं, आणि भीतीही वाटली. दोन्ही एकदम वाटलं.

त्यानंतर काकू बदलल्या. जेवू लागल्या. जुन्या बुटांना तेल लावू लागल्या. मुलगा मुद्दाम दुकानात येऊन मला म्हणाला, “ताई, तुमचे उपकार कसे फेडू?” त्याला काय सांगणार होते मी? त्याची आई यात्रेची वाट बघत नव्हती, फाटकांची वाट बघत होती. दर फेरीत त्या मागे रेंगाळायच्या. कधी बुटाची नाडी सुटायची, कधी खडा जायचा. मी त्यांच्यामागे उभी राहून म्हणायचे, “पुढे व्हा काकू.” त्या म्हणायच्या, “तू हो ना पुढे. मी लावते एखादं.” मी हलायचे नाही. काकूंना एकदा मागे राहू दिलं तर त्या मागेच राहतील, असं काहीतरी माझ्या मनाने घेतलं होतं. माझी झोप उडाली. दुकानात लक्ष लागेना. एका आजोबांना मी त्यांच्या बायकोचा चष्मा दिला, आणि गंमत म्हणजे त्यांना तो आवडला.

कंपाउंडरकाकांना सांगून बघितलं. त्यांनी माझी नाडी धरली, जीभ बघितली, आणि म्हणाले, “धाकटे, फाटकं उताराला असली की आपोआप लागतात. लोकांचे डोळे तपासतेस, एकदा स्वतःचे तपासून घे.”

काकूंशी मात्र स्पष्ट बोलले. त्या मशीनवर बसून माझ्याच पिशवीला नवा पट्टा लावत होत्या.

“काकू, तिथे कोणी नाही.”

“नाही तर नाही.” त्यांचे पाय थांबले नाहीत. “पण असेल, तर येऊ दे की पाठीमागून. कुणाचं काय खातोय तो? जन्मभर त्याने एवढंच केलं, सगळे गेले की दार लावलं. मला एकदा त्याला पुढे घालायचं आहे गं. म्हणायचं आहे, आता तुम्ही व्हा पुढे, मी लावते.”

माझे डोळे भरून आले, आणि मी उठून घरी आले.

शेवटची फेरी यात्रेला निघण्याच्या आधीच्या आठवड्यात होती. मी म्हणाले, नको जाऊया, आता विश्रांती घेऊ. माझं कोणी ऐकलं नाही. त्या सकाळी धुकं असं होतं की स्वतःचे बूट अंधुक दिसत होते. कंपाउंडरकाकांचा खोकला पुढून येतोय की डावीकडून, ते कळेना. मी काकूंचा हात धरला. “आज हात सोडायचा नाही,” मी म्हणाले. त्यांनी सोडवून घेतला नाही. हात गरम होता, सुयांनी खरखरीत झालेला.

पहिलं फाटक मी एका हाताने लावलं. कडी टाकली, हलवून बघितली. चालू लागलो. जरा पुढे गेलो असू, आणि मागे पुन्हा कडी वाजली. उचलल्याची कुरकुर. मग फाटक उघडल्याची लांब किंकाळी. थोडा वेळ काही नाही. मग खट्.

कोणीतरी फाटक ओलांडून आमच्या बाजूला आलं होतं.

काकूंनी माझा हात घट्ट दाबला. दुसऱ्या फाटकाला तसंच झालं. मी लावलं, मागून ते उघडलं आणि पुन्हा लागलं, नियमाप्रमाणे, व्यवस्थित. आणि मग झाडीचा पट्टा लागला, तिथे वाटेवर कुजक्या पानांचा थर असतो, तिथे पावलं ऐकू येऊ लागली. मी काकूंचा हात ओढला. काकू मात्र थांबल्या. डोळे मिटले. जन्मभराची ओळखीची चाल ऐकायला त्या किती दिवस आसुसल्या होत्या, ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. ओठ हलत होते. मला वाटलं आता त्या हाक मारतील, आणि मी हात सोडला तर जातील.

पावलं जवळ येत होती. चर्र. चर्र. चर्र.

काकूंनी डोळे उघडले. त्यांच्या चेहऱ्यावरचं सगळं पुसून गेलं होतं.

“हा तो नाही,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“त्याचा डावा पाय उशिरा पडायचा. हा… हा सरळ चालतोय.”

आवाज थांबला. आम्ही थांबलो होतो म्हणून थांबला असेल. पानांवरून पाणी टपकत होतं. काकू कुजबुजल्या, “धाकटे, तू जरा चाल. चारच पावलं… माझा हात सोडू नको. नुसतं जागच्या जागी पाय टाक.”

मी टाकले. काकू मान कलती करून ऐकत होत्या. मी थांबले, आणि मागे धुक्यात तेवढीच पावलं पडली. काकूंनी माझ्याकडे बघितलं. एवढी भीती मी कुणाच्या डोळ्यांत पाहिली नव्हती, आणि डोळे बघणं तर माझा धंदाच.

“तुझी आहे गं,” त्या म्हणाल्या. “चाल तुझी आहे.”

पुढचं मला तुटक आठवतं. काकूंना मी पुढे घातलं आणि जवळजवळ ढकलत नेलं. त्यांचा गुडघा दुखत होता, त्या “आई गं” म्हणत होत्या, पण पळत होत्या. शेवटचं फाटक दिसलं, पलीकडे मोठा रस्ता, पोस्टमनकाकांच्या गाडीचे पिवळे दिवे. “जा काकू, गाडीत बसा,” मी ओरडले आणि त्यांचा हात सोडला. फाटक लावायला दोन्ही हात लागत होते. कडी गंजलेली, आकड्यात बसेना. बसली. तेवढ्यावर माझा विश्वास नव्हता. गळ्यातला रुमाल काढला आणि कडी आकड्याला बांधून टाकली. तीन गाठी मारल्या. धुक्यात पलीकडे काही नव्हतं. पाऊलही वाजलं नाही.

मी गाडीपाशी आले. कंपाउंडरकाका थर्मासमधला चहा ओतत होते. पोस्टमनकाका काच पुसत होते. गाडीत कोणी नव्हतं.

“काकू कुठे आहेत?”

दोघांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काही विनोद करतेय.

“कुठे म्हणजे?” पोस्टमनकाका म्हणाले. “आत्ता तर तू त्यांना घेऊन गेलीस.”

“मी?”

“हात धरून. म्हणालीस, काकूंचं काहीतरी मागे राहिलंय, लगेच येतो. मी म्हटलंसुद्धा, अगं चहा तरी पिऊन जा. तू वळूनही बघितलं नाहीस.” त्यांनी फाटकाकडे हात केला. “तिकडे गेलात की दोघी.”

मी तिकडूनच आले होते. सगळा वेळ त्या फाटकाला लटकून उभी होते. माझ्या बाजूने एक मांजरही गेलं नव्हतं.

आम्ही तिघं धावलो. रुमाल जिथल्या तिथे होता. तिन्ही गाठी माझ्याच. दाताने सोडाव्या लागल्या, इतक्या घट्ट बसल्या होत्या. आणि फाटकाच्या पलीकडे, दगडावर, मांडीवर हात ठेवून काकू बसल्या होत्या. कपड्यांना कुठे माती नाही, कुठे ओरखडा नाही.

“काकू!” मी त्यांना मिठी मारली. रडत होते मी, त्याची मला लाज नाही. “इथे कशा आलात? किती घाबरले मी!”

काकूंनी मिठी मारली नाही. त्या जरा मागे सरकल्या. “तूच तर आणलंस,” त्या म्हणाल्या. “म्हणालीस, बसा, मी एवढं बघून येते.” मग त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं नाही, पायांकडे बघितलं. बराच वेळ बघत राहिल्या.

कंपाउंडरकाकांनी दोघींची नाडी बघितली आणि चहात जास्त साखर घातली. धुक्याने माणसाला भ्रम होतो, असं ते म्हणाले. पण बोलताना ते माझ्यापासून हातभर लांब उभे होते. मी काकूंना घरी सोडलं. मुलाने दार उघडलं तेव्हा मी म्हणाले, “ही घे तुझी आई, सांगितल्याप्रमाणे.” तो हसला. काकू आत गेल्या, उंबऱ्याच्या आतून माझ्याकडे वळल्या, आणि मुलाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाल्या, “मी आलेय परत. तू आलीस का, ते मला बघायचंय.”

हे माझ्या मनाला इतकं लागलं! मी ज्या बाईसाठी जिवाचं रान केलं, तिने मला असं म्हणावं? पण रागावणार कशी? तिच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं.

मी ठरवलं, रोज जायचं. विश्वास असा बोलून येत नसतो, रोज जाऊन बसावं लागतं. यात्रा तोंडावर आली होती, पिशव्यांचं शिवणकाम उरलं होतं, आणि काकूंना आताशा सुईत दोरा ओवता येत नाही. मशीनची सुईसुद्धा मुलाकडून नाहीतर माझ्याकडून ओवून घ्यावी लागते. चष्म्याचा नंबर मीच काढलेला, म्हणून मला माहीत. रोज दुकान बंद करून मी जायचे. काकू दार उघडायच्या, आणि म्हणायच्या, “चाल.” मी अंगणातून दारापर्यंत चालत जायचे. त्या ऐकायच्या. मग म्हणायच्या, “ये.” मी दोरे ओवून द्यायचे. पहिल्या दिवशी त्यापलीकडे त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. नंतर चहा दिला. काल तर माझ्या मोज्यांची थट्टा केली, बोक्याचे मोजे म्हणाल्या. मी घरी येताना हलकी झाले होते. वाटलं, परवा निघू तेव्हा काकू माझा हात धरतील.

आज गिऱ्हाईक रेंगाळलं म्हणून मला उशीर झाला, पण अजून उजेड होता. काकूंचा मुलगा कामावरून यायचा होता. दार बंद होतं. आत मशीन चालू होतं, त्याची घरघर अंगणापर्यंत येत होती. मी कडी वाजवली.

मशीन थांबलं.

“कोण?”

“मी, काकू.”

“मी कोण?”

“मी. धाकटी. उशीर झाला जरा, गिऱ्हाईक होतं.”

मग काकूंचा आवाज दाराच्या अगदी जवळून आला. त्या दाराला कान लावून उभ्या असाव्यात.

“आणि मग ही मघापासून माझ्यासमोर बसलीय, ती?”

मी दार ढकललं. उघडेना. “काकू, बाहेर या! दार उघडा आणि बाहेर या… तिच्याकडे बघू नका!”

“ओरडू नको,” काकू म्हणाल्या. आवाज कापत होता, पण त्यांनी विचार केलेला होता. “तू चाल. अंगणात चाल. तिला मी आत चालायला सांगते. मी ऐकते.”

मी चालू लागले. अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. आणि देवाशपथ सांगते, आपण कसे चालतो ते मुद्दाम चालायला गेलं की आठवत नाही. टाच आधी टाकायची की चवडा? हात हलतात का माझे? मी वळताना थांबते का? मी माझ्यासारखी चालायचा प्रयत्न करत होते, आणि प्रत्येक पाऊल उसनं वाटत होतं. मी ते सुधारायला गेले की जास्तच बिघडत होतं. आतून पावलांचा आवाज येत होता, सावकाश, सहज, एकसारखा.

“काकू,” मी म्हणाले. “काकू, मीच आहे हो…”

आतली पावलं थांबली. काकूंनी मोठा नि:श्वास सोडला. इतके दिवस छातीत धरून ठेवलेला असावा तसा.

“हं,” त्या म्हणाल्या. “कळलं मला.”

मी दाराकडे धावले. हात पुढे केला होता, त्यांचा हात धरायला. आतून साखळी सरकली आणि अडकली. मग वरची कडी लागली. मग खालची.

मी किती हाका मारल्या ते मला सांगता येणार नाही. दार हाताने बडवलं. त्यांच्या मुलाला फोन लावला, तो लागत नव्हता. थोड्या वेळाने आत काकू काहीतरी बोलल्या, हलक्या आवाजात, माझ्याशी नाही. आणि कोणीतरी हसलं. मग मशीन पुन्हा सुरू झालं, आणि मधेच थांबलं. दोरा तुटला की थांबतं तसं. मी श्वास रोखून ऐकत होते. मला माहीत होतं, आता काकूंना तो ओवता येणार नाही.

जरा वेळाने मशीन पुन्हा चालू लागलं.